उत्तरदाता क्रमांक एक्केचाळीस

डॉ. मल्लिकार्जुन खानापुरे यांनी आयुष्यात एकही शेअर विकत घेतला नाही. पैसा साठला की ते प्लॉट घेत, त्यातून उरला तर सोनं घेत. तरी भांडवल बाजार या विषयात त्यांनी अकरा जणांना पीएच.डी. करून दिली. 'करून दिली' असंच म्हणायला पाहिजे, कारण त्या अकरांपैकी नऊ प्रबंध माझ्या दुकानात टाइप झाले आणि त्या नऊ जणांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी चहा प्यायला.

मी व्यंकटी. उदगीरला बसस्टँडच्या मागं माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे बॅनर आणि पीएच.डी.चे प्रबंध अशी तीन कामं मी करतो. तिन्हींचा मजकूर ठरलेला असतो, नावं तेवढी बदलायची. पत्रिकेला मोराचं चित्र लागतं आणि प्रबंधाला आलेख लागतात, एवढाच काय तो फरक.

सर दुकानात आले की आधी खुर्ची पुसून घेत. बसल्यावर सफारीच्या खिशातले तीन पेन नीट करत आणि 'कॅपिटल मार्केट' हे शब्द अशा सुरात उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, मुंबईचा बाजार यांना विचारूनच उघडतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण ते माणसाच्या रूपात रोज समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. त्यांची संशोधनाची पद्धत अशी, की शेवटचं प्रकरण आधी टाइप करायचं. निष्कर्ष पक्का झाला की मग त्याला शोभेल अशी माहिती जमवायची. "निष्कर्ष हा पाया असतो, व्यंकटी," असं ते मला समजावून सांगत, आणि मी मान हलवत असे. नऊ प्रबंधांचं गिऱ्हाईक होतं ते, मान कोण नाही हलवणार.

आणखी एक गोष्ट सरांकडे होती, ती म्हणजे मेलेला बाप. वृक्षारोपण असो, गणपती असो की कुणाचा निरोपसमारंभ असो, हातात माइक आला की पाचव्या मिनिटाला आप्पा मरत. बहात्तरचा दुष्काळ. सरांचे वडील ईश्वरप्पा सरकारी कामावर खडी फोडायला जात. एका दुपारी तिथंच उन्हानं कोसळले आणि गेले. सर तेव्हा सहा वर्षांचे, सरकारनं वाटलेल्या सुकडीवर जगलेले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण आठव्या-नवव्या खेपेला लक्षात आलं, की माणूस 'खडी' या शब्दावर थांबतो, चष्मा काढतो आणि 'आप्पा' म्हणताना आवाज दर वेळी तेवढाच फाटतो. त्यानंतर माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. जांभई मात्र आली.

अशा माणसाच्या हाताखाली शिवगंगा मठपती येऊन पडली. मूळची कंधारची, उदगीरला सून म्हणून आलेली. सरांच्याच कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांचं मानधन, सुट्टी लागली की घरी बसा. चाळिशीला टेकलेली ही बाई कायम नोकरीवाल्यांपेक्षा दुप्पट शिकवायची, वर स्नेहसंमेलनात रांगोळीही तीच काढायची. कॉलेजात वाणिज्य विभागाची एकच कायम जागा निघणार होती आणि मुलाखत पुढच्या मार्चमध्ये होती. त्याआधी नावामागं डॉक्टर लागलं तर जागा तिची, नाही लागलं तर जन्मभर तासिका. ती आमच्या दुकानात आली की आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची, मग माझ्याकडे.

त्या वर्षी उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. तशी ती दर सव्वीस जानेवारीच्या तोंडावर सुटतेच. मीच एवढा शहाणा की दुकानाच्या नव्या पाटीवर 'जि. उदगीर' रंगवून मोकळा झालो. सरांनी माझ्यापुढं उडी मारली. त्यांनी शिवगंगाला विषय दिला, 'प्रस्तावित उदगीर जिल्ह्यातील ग्रामीण गुंतवणूकदारांचा भांडवल बाजाराकडे वाढता कल'.

"जिल्हा जाहीर झाला की जिल्ह्यावरचा पहिला प्रबंध आपला, बाई," सर म्हणाले. "कलेक्टर खुर्चीत बसायच्या आत आपला ग्रंथ त्याच्या टेबलावर."

सव्वीस जानेवारी आली, झेंडावंदन झालं, जिल्हा काही झाला नाही. पण कल वाढता आहे हे सरांनी आधीच ठरवलेलं असल्यामुळं प्रबंधाचं काही अडलं नाही.

शिवगंगाची चूक अशी झाली की ती खरोखर गावोगाव गेली. दोन हजार सोळाचा उन्हाळा होता तो. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्याकडे टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नव्हतं. ही बाई डोक्याला ओढणी गुंडाळून एसटीनं, जीपनं जळकोट, देवणी, मुखेडकडची गावं फिरली. माणसं घरात सापडत नव्हती, सगळी पाण्याच्या रांगेत. मग ही पण रांगेत उभी राहायची, कुणाची घागर पुढं सरकवायची आणि सरकवता सरकवता विचारायची, "तुमी बचत कशात करता?" एकशे बारा फॉर्म तिनं असे भरून आणले. तिच्या नाकाची कातडी सोलून निघाली होती.

ती गठ्ठा घेऊन आली तेव्हा सर दुकानातच होते. त्यांनी पाच-सहा फॉर्म वरवर चाळले.

"बाई, हे काय आहे? बचतीच्या रकान्यात कडबा? इथं बोअर. इथं टँकर."

"सर, लोकं जे म्हनले तेच लिहिलं मी. म्युच्युअल फंड म्हनल्यावर कुनी वळखतच न्हाई. एक जन म्हनला, कंच्या पक्षाचा हाय?"

सर हसले. मीही हसलो. मग त्यांच्या हाताला सरजाबाई नावाच्या म्हातारीचा फॉर्म लागला. बचत कशात, या प्रश्नापुढं शिवगंगानं म्हातारीचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं होतं: 'एक हंडा भरून ठिवलाय. झाकन लावून.'

सरांनी तो फॉर्म हातात उंच धरला आणि दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखवला. "आता हा हंडा कोणत्या असेट क्लासमध्ये टाकायचा, सांगा! इक्विटी की डेट?"

"सर, त्या फॉर्मच्या मागच्या बाजूला मी..."

"मागच्या बाजूचं कोणी वाचत नसतं, बाई," सर म्हणाले आणि फॉर्म माझ्या काउंटरवर टाकला. "एकशे बारा उत्तरदात्यांत कुणाचा कल नाही, कुणाला जाण नाही. गृहीतक फेटाळलं जाईल. फेटाळलेलं गृहीतक घेऊन मुलाखतीला जाणार आहात का? मार्च कुणासाठी थांबत नाही."

शिवगंगानं कॅलेंडरकडे पाहिलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्या उन्हाळ्यात सगळ्या मराठवाड्याला कळलं होतं. एकटे सर तेवढे कोरड्या आडातून भरलेला पोहरा काढणार होते, आणि दोर ओढायला मी होतो.

पाचशे उत्तरदाते लागणार होते. नावं कुठून आणायची? सरांना तोड लगेच सुचली. "तुझ्या कॉम्प्युटरात पत्रिका आहेत की रे. एकेका पत्रिकेत दोन-दोनशे नावं असतात." आमच्याकडची लग्नपत्रिका ज्यानं पाहिली आहे त्याला ही अक्कल पटेल. वधूवरांची नावं शोधावी लागतात. बाकी निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, समस्त भाऊबंद, आणि खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरंसोरं. एकाचंही नाव गळालं तर ते घर मांडवात पाऊल ठेवत नाही. सरांच्याच मुलीची पत्रिका मी आदल्या वर्षी केली होती, आठ पानी, तीनशे सत्तावीस नावं. तिच्यापासूनच सुरुवात केली.

"श्री., सौ., चि. सगळं उडव," सर म्हणाले. "संशोधनात बिरुदं नसतात."

मी एका बटणात उडवलं. श्री. गेलं, सौ. गेली, आणि त्यांच्याबरोबर मेलेल्यांच्या नावामागचं कै. गेलं, लिंगायत घरांत लावतात ते लिंगैक्यांचं लिं. पण गेलं. एवढं उडवल्यावर यादीत सगळेच जिवंत. ते माझ्या ध्यानात आलं असं मी म्हणणार नाही. ध्यानात यायला आधी लक्ष द्यावं लागतं, आणि मी, माझी बायको आणि मेहुणी, आम्ही तिघं वेगवेगळ्या पेनांनी, मधूनच डाव्या हातानं, फॉर्म भरत बसलो होतो. पाचशे माणसं आम्ही आठ दिवसांत समाधानी केली. समाधानाचे गुण पाचांपैकी असत, आणि माझ्या मेहुणीचा हात सढळ, तिनं सगळ्यांना पाच दिले. शिवगंगाच्या एकशे बारा फॉर्मांचा गठ्ठा काउंटरखाली गेला, त्यावर मी चहाचा ट्रे ठेवत असे.

प्रबंध चारशे दहा पानांचा झाला. तेवढा जाड व्हावा म्हणून परिशिष्ट तीनमध्ये पाचशे उत्तरदात्यांची यादी नाव, गाव आणि गुणांसकट छापली. सरांनी प्रत्येक प्रतीवर प्रमाणपत्राच्या पानावर सही केली. त्याच्या पुढचं पान त्यांनी उलटलं नाही.

फेब्रुवारीत विद्यापीठात तोंडी परीक्षा झाली. व्हायवा म्हणतात तिला, आणि आमच्याकडे व्हायवा म्हणजे अर्धं लग्नच. बाहेरून आलेल्या परीक्षकांना शाल, फेटा, हॉलभर गुलाबजामचा वास, सरांचे जुने अकरा डॉक्टर पहिल्या रांगेत. उदगीरहून निम्मं कॉलेज आलं होतं. शिवगंगा नवं इरकल नेसून आली होती, हातात एक कापडी पिशवी. आदल्या दिवशी तिनं माझ्याकडून जुना गठ्ठा मागून नेला होता, का ते मी विचारलं नाही. मी पडद्यावर आलेख दाखवायला लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसलो होतो.

अर्धा तास सगळं सुरळीत चाललं. परीक्षक वयस्कर, सज्जन गृहस्थ होते, संशयी नव्हते. भूक लागल्यामुळं असेल, ते पानं उलटता उलटता गप्पांवर आले.

"खानापुरे सर, परिशिष्टात तुमचं आडनाव दिसलं. एक्केचाळीस नंबर. ईश्वरप्पा खानापुरे. पाचांपैकी पाच, भांडवल बाजारावर पूर्ण विश्वास. तुमच्या घरचे का कुणी?"

सरांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते बापाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते.

"हो. म्हणजे... वडील," सर म्हणाले.

"अरे वा! प्रकृती कशी आहे त्यांची?"

सर 'वारले' म्हणू शकले असते. एक शब्द. पण त्या एका शब्दानं चारशे दहा पानं उघडी पडली असती आणि त्यामागून जुने अकरा ग्रंथही ओढले गेले असते. मी सरांच्या तोंडाकडे बघत होतो.

"चांगली आहे. परवाच भेट झाली."

"मग बोलवा की त्यांना जेवायला! असा गुंतवणूकदार बघायला तरी मिळेल."

"गावाकडं असतात. शेतात."

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. ईश्वरप्पांचं मरण त्यांतल्या प्रत्येकानं वीसेक वेळा तरी ऐकलेलं. पहिल्या रांगेतले अकराही डॉक्टर पायाजवळच्या फरशीचा अभ्यास करू लागले. ज्याच्या त्याच्या यादीत कुणी ना कुणी स्वर्गवासी गुंतवणूकदार असणारच. मीही लॅपटॉपचं झाकण पुसत बसलो.

परीक्षक शिवगंगाकडे वळले. "बाई, यांची मुलाखत कशी झाली? काय म्हणाले?"

तिनं फक्त 'छान झाली' म्हणायचं होतं. पुढच्या बुधवारी कॉलेजात मुलाखत होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत धमकी नव्हती, चक्क विनवणी होती.

"झाली न्हाई सर," शिवगंगा म्हणाली. "ते बहात्तरच्या दुष्काळात वारले. माझ्या जन्माआधी." मग तिनं पिशवीतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. वरच्या फॉर्मवर माझ्या चहाचा गोल डाग होता. "मी भेटले ती मानसं ही हायेत. एकशे बारा. यांचा कल कशाकडंच न्हाई."

गुलाबजाम तसेच राहिले. प्रबंध परत आला, नव्या माहितीनिशी, नव्या मार्गदर्शकाकडे पुन्हा सादर करा म्हणून. बुधवारची जागा दुसऱ्या एका डॉक्टरला मिळाली, सरांच्याच अकरांतल्या एकाला. सरांना काय झालं? काही नाही. विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा, असं पत्र त्यांनी दिलं आणि ते फायलीत गेलं. पळसाला पानं तीनच. शिवगंगानं त्या एकशे बारा फॉर्मांवर दुसरा प्रबंध केला, सगळा मिळून एकशे ऐंशी पानांचा. दोन वर्षांनी डॉक्टर झाली. अजून तासिका तत्त्वावरच आहे.

ती डॉक्टर झाली त्याच हिवाळ्यात सरांना कुठल्याशा प्रतिष्ठानचा 'आदर्श संशोधक' पुरस्कार मिळाला. कार्यक्रम उदगीरला, मांडव भरलेला, बॅनर माझाच. सूत्रसंचालनाला शिवगंगा, कारण फुकट राबवायला तासिकावालेच लागतात. सर उठले, शाल सावरली, आणि मी घड्याळ पाहिलं. पाचव्या मिनिटाला बहात्तर साल आलं. खडी आली. सर थांबले, चष्मा काढला.

"आणि त्या उन्हात माझे आप्पा..."

माझ्या मनात दोन वर्षं काय साचलं होतं कुणास ठाऊक. व्हायवाच्या दिवशी मी लॅपटॉप पुसला, ते मला टोचत होतं. मी मागच्या रांगेतून मोठ्यानं ओरडलो, "सर, आप्पा तर परवाच भेटले म्हनला होता की!"

आधी एक जण हसला. मग मांडव हसला, खुर्च्या वाजेपर्यंत हसला. पहिल्या रांगेतले डॉक्टरसुद्धा रुमालाआड हसले. सरांचा चष्मा हातातच राहिला. "आरं, हसू नगा... खरंच..." असं काहीतरी ते म्हणाले, आणि ते शुद्ध मराठी विसरलेले मी पहिल्यांदाच ऐकले. मग ते खाली बसले. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच व्यासपीठावर बापाचं नाव घेतलेलं नाही. मला इतका आनंद झाला होता की घरी जाताना पेढे घ्यावेत असं मनात आलं.

मांडवाच्या दाराशी शिवगंगा उभी होती. मला वाटलं ती हसेल, निदान बरं झालं तरी म्हणेल.

"कशाला बोललात, व्यंकटीभाऊ?"

"का? त्यानं तुमची जागा खाल्ली. आनि मी काय खोटं बोललो?"

"न्हाई. पन त्यांचा बाप खरंच मेला होता हो." ती माइकची वायर गुंडाळत होती. "ती सरजाबाई, हंडावाली, सरांच्याच गावची. ईश्वरप्पाच्या शेजारी बसून खडी फोडायची. ते पडले तवा पानी पानी करत व्हते, आनि सगळ्या कामावर कुनाच्या घागरीत घोटभर पानी न्हवतं. तवापासून ती एक हंडा भरून झाकून ठिवती. पन्नास वर्षं होत आली. सगळं लिहिलं होतं मी, त्या फॉर्मच्या मागच्या बाजूला."

तो फॉर्म आठ महिने माझ्या काउंटरखाली होता. मीही तो उलटून पाहिला नव्हता.